हवेला पाणी घातलं का?

तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावला का, रात्री दाराला कडी घातली का, आणि हवेला पाणी घातलं का? थंडीच्या दिवसांत आमच्या घरात हे तीन प्रश्न रोज विचारले जात. पहिले दोन आम्ही येताना बरोबर आणले होते, तिसरा इथे आल्यावर चिकटला. सत्तरच्या दशकात शिकागोच्या आसपास येऊन राहिलेल्या आम्हा मराठी मंडळींपैकी बहुतेक घरांत नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कुणी ना कुणी हातात पाण्याचं भांडं घेऊन हवेची तहान भागवत फिरत असे. कुणी त्याला ‘ह्युमिडिफायर भरणे’ म्हणे, कुणी ‘मशीनला पाणी’. स्कोकीच्या एक काकू ‘घराला वाफ’ म्हणत. आमच्याकडे ‘हवेला पाणी’. तुळशीला घालतात तसं, आणि तितक्याच नेमाने.

मी चिपळूणची. माझं सगळं लहानपण वस्तू कोरड्या ठेवण्यात गेलं. आषाढ लागला की घरात ओल यायची आणि गणपतीपर्यंत मुक्काम ठोकायची. काडेपेटी चुलीवरच्या फळीवर, पापड डब्यात आणि तो डबा आणखी एका डब्यात, शाळेचा फ्रॉक शेगडीवर पालथ्या घातलेल्या डालग्यावर. एवढं करून पापड सादळायचे ते सादळायचेच. गूळ पाझरायचा, चपलांवर पांढरी भुरी धरायची, पुस्तकांना कुबट वास यायचा आणि जाड्या मिठाच्या बरणीत तळाला पाणी साठायचं. आई बरणी जरा कलती करून बघायची आणि म्हणायची, “यंदा ओल फार.” घराबाहेर पाऊस कोसळत असताना ओल किती हे तिला बरणीतून कळायचं, याचं मला तेव्हा हसू यायचं.

तर अशा घरातून मी १९७४च्या डिसेंबरात डेव्हन ॲव्हेन्यूजवळच्या एका विटांच्या तीनमजली इमारतीत येऊन पडले. थंडीबद्दल सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं. लोकरीचे मोजे घे, आतून घालायचं गरम घे, बर्फावर चालताना पाय असे टाक. हवेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. हवेला तहान लागते आणि ती तहान ती आपल्या अंगावर भागवते, हे कोकणातल्या मुलीच्या स्वप्नातही आलं नसतं.

पहिल्या आठवड्यात ओठ फुटले. दुसऱ्या आठवड्यात टाचांना भेगा पडल्या, इतक्या की नायलॉनची साडी त्यांत अडकून धागे निघायचे. मग यांच्या नाकाचा घोळणा फुटला, एकदा नाही, तीनदा. मी कांदा फोडून नाकाला लावला, डोक्यावर गार पाणी थापलं, आणि हे त्याच रक्ताळलेल्या रुमालासकट कामावर गेले. दाराच्या मुठीला हात लावला की चट्‌कन झटका. दिव्याच्या बटणाला झटका. एकमेकांच्या हाताला हात लागला तरी झटका, आणि लग्नाला तर जेमतेम सहा महिने झालेले.

आणि पोळपाट. आईने रत्नागिरीच्या सुताराकडून करून घेतलेला, तीन पायांचा, फणसाचा. जानेवारीतल्या एका रात्री स्वैपाकघरातून टक्‌ असा आवाज आला. चोर समजून हे उठले. बघतात तर पोळपाट मधोमध तडकलेला. तो टाकला नाही, टाकतात कुठे! फट फार रुंद नव्हती, पण पोळी लाटली की तिच्यावर बरोबर एक रेघ उमटायची. पुढे मुलं झाली, ती तिला ‘रेघेची पोळी’ म्हणायची. मुलीला तर बरीच वर्षं वाटायचं की पोळीला रेघ असतेच. रेघ नसली तर ती दुसऱ्या कुणाच्या घरची.

हे असं का होतं, ते यांनी मला आमटीवरून समजावलं. बाहेर उणे १० सेल्सिअस असलं तर एका घनमीटर हवेत फार तर अडीच ग्रॅमच्या आत पाणी मावतं. तीच हवा घरात आली आणि २१ अंशांपर्यंत तापली की तिच्यात १८ ग्रॅम मावू शकतं. पाणी मात्र आहे तेवढंच. म्हणजे पातेलं मोठं झालं, आमटी तेवढीच राहिली. मग ती हवा उरलेली जागा भरायला घरभर हिंडते, आणि जिथे ओल दिसेल तिथून ओढते: ओठांतून, नाकातून, टाचेतून, पोळपाटातून. ‘सापेक्ष आर्द्रता’ हा शब्द मी शाळेत घोकला होता. त्याचा अर्थ भेग पडल्यावर कळला.

पहिले उपाय अंगावरचे. ओठांना लोणी, नाकात तुपाचं बोट, बेंबीत तेल, केसांना तेल, टाचांना कोकमतेल. ते पांढरं, घट्ट, अंड्याएवढ्या गोळ्याचं. आमच्या मराठी मंडळातल्या मालवणकडच्या वहिनी त्याला भिरंडेल म्हणत. पळीत घालून शेगडीवर, म्हणजे इथल्या विजेच्या कॉइलवर, जरा वितळवायचं आणि ऊन ऊन भेगेत सोडायचं. सुरुवातीला चरचरतं, मग बरं वाटतं. देशातून येणारा प्रत्येक माणूस एकदोन गोळे घेऊन यायचा आणि ते आम्ही सोन्यासारखे वाटून घ्यायचो. अर्धा गोळा नेपरव्हिलला, अर्धा शामबर्गला.

दुसरे उपाय घराचे. त्या इमारतीत वाफेवर तापणारे रेडिएटर होते. खिडकीखाली लोखंडी बरगड्या, आणि रात्री त्यांतून सापासारखा फुत्कार. इमारतीतल्या म्हाताऱ्या पोलिश बाईंनी दाखवलं की रेडिएटरवर पाण्याची पसरट भांडी ठेवायची. आम्ही ठेवली. पितळी परात, ॲल्युमिनियमचं पातेलं, केकचा साचा. ओले टॉवेल वाळत घातले, पातळं न्हाणीघराऐवजी बैठकीत दोरीवर टाकली. पाहुणे यायचे झाले की ती आधी काढायची, पाहुणे गेले की परत घालायची. कुकरच्या शिट्ट्या जरा जास्तच होऊ द्यायच्या. भर जानेवारीत उकडीचे मोदक व्हायचे, आणि ‘चतुर्थी कुठे आहे?’ असं कुणी विचारलंच, तर ‘हवेसाठी केले’ हे उत्तर तयार. विजेवरचा ड्रायर असलेल्या काही घरांत त्याची नळी बाहेर सोडायच्या ऐवजी घरातच सोडत आणि तिच्या तोंडाला बायकी पायमोजा बांधत, कपड्यांचा पिंजलेला कापूस अडवायला. १९७३च्या तेलटंचाईत निक्सनसाहेबांनी घरं ६८ फॅरनहाइटवर ठेवा असं सांगितलेलं. ती सवय अजून गेली नव्हती, आणि दमट हवा तेवढ्याच तापमानाला जास्त उबदार लागते हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. ज्यांचा ड्रायर गॅसवरचा, त्यांनी मात्र हा उद्योग केला नाही. केला असता तर कपड्यांच्या वाफेबरोबर विषारी वायूही घरात आला असता.

१९७६च्या डिसेंबरात मुलगी झाली. सासूबाई नागपूरहून बाळंतपणाला आल्या होत्या. त्यापाठचा जानेवारी शिकागोच्या नोंदींतला सर्वांत थंड महिना ठरला. बाळाचं नाक चोंदलं तेव्हा डॉक्टरांनी व्हेपोरायझर आणायला सांगितलं. प्लॅस्टिकचं मडकं, वर झाकण, झाकणाला खाली लोंबणाऱ्या दोन सळ्या. त्याला तापणारी तार नसतेच; दोन सळ्यांमधल्या पाण्यातूनच वीज जाते आणि पाणी स्वतःच तापतं. पाणी फार मृदू असलं तर वीज नीट जात नाही, वाफ येत नाही. म्हणून कागदावर लिहिलेलं: चिमूटभर मीठ घाला.

मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं.

“म्हणजे चवीपुरतं,” त्या म्हणाल्या.

वाफ येईना. त्यांनी आणखी घातलं. तरी त्यांच्या मनासारखी येईना, तेव्हा पिठलं अळणी झाल्यावर घालतात तशी अर्धी मूठ घातली. मडकं खदखदून उतू गेलं, फ्यूज उडाला आणि उणे २० च्या रात्री सगळं घर अंधारात. हे मेणबत्ती घेऊन तळघराकडे धावले. अंधारातून सासूबाईंचा आवाज आला, “बापा, एवढं खारट झालं काय?” पुढे कितीतरी वर्षं मंडळाच्या जेवणात भाजी खारट झाली की कुणीतरी म्हणायचंच: आज फ्यूज उडणार.

१९७९च्या जानेवारीत मोठं हिमवादळ झालं, आणि त्याच उन्हाळ्यात आम्ही ड्युपेज काउंटीत घर घेतलं. आता रेडिएटर नव्हते. तळघरात फर्नेस, तिच्यातून पत्र्याच्या नळ्या घरभर, आणि जमिनीतल्या जाळ्यांतून ऊन हवा पायांवर. ही हवा रेडिएटरपेक्षाही जास्त सुकवी. पण फर्नेसच्या नळीला एक पेटी बसवलेली होती. तिच्यात पाण्याचा ट्रे आणि त्यात अर्धा बुडालेला, संथ फिरणारा स्पंजाचा ढोल. पहिल्याच हिवाळ्यात घरात डबक्याचा वास यायला लागला. यांनी पेटी उघडली तर स्पंज शेवाळलेला, हाताला बुळबुळीत. “आपण तीन महिने हे हुंगतोय,” ते म्हणाले. मला मात्र तो वास ओळखीचा वाटला. आमच्या परसातल्या विहिरीच्या पायरीचा. हे मी त्यांना सांगितलं नाही.

ढोल गेला आणि नवी पेटी आली. हिच्यात साठलेलं पाणी नाही. वरून बारीक धार, मधे मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार पॅड, त्यातून फर्नेसची ऊन हवा, आणि उरलेलं पाणी खालच्या नळीने मोरीत. हे पेटीसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि आनंदाने ओरडले, “अगं, हा तर आपला कूलर!”

नागपूरचा माणूस तो. ज्या गावी मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्या गावच्या माणसाला कोरड्या हवेला पाणी पाजायचं शिकवावं लागत नाही. त्यांच्या लहानपणी खिडक्या-दारांना खसच्या ताट्या लावत आणि त्यांवर दुपारभर पाणी शिंपडत. मग पत्र्याचे कूलर आले, तीन बाजूंना ताट्या, आत पंखा, खाली टाकी. ‘कूलरमध्ये पाणी भरलं का?’ हा त्यांच्या घरचा उन्हाळ्यातला प्रश्न, आणि माझ्या लक्षात आलं की ‘हवेला पाणी घातलं का?’ हा त्याचाच धाकटा भाऊ. मी कोकणातून येऊन हवेतली ओल शत्रू समजत होते. ते विदर्भातून आल्यामुळे ती पाहुणी समजत होते. सासूबाई पुढच्या खेपेला आल्या तेव्हा तळघराचा जिना उतरून पेटी बघून आल्या आणि कपाळाला हात लावला: “काय बाई, हिवाळ्यात कूलर लावून राहिले तुम्ही लोकं!”

मग यांनी एक प्रथाच पाडली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. आमच्याकडे त्या दिवशी पेटीचा जुना पॅड बाहेर निघायचा, क्षारांनी पांढरा आणि बिस्किटासारखा कडक झालेला. नवा बसायचा, ट्रे व्हिनेगरने धुतला जायचा, नळीतल्या झडपेचा खटका ‘उन्हाळा’वरून ‘हिवाळा’वर फिरायचा आणि फर्नेसला हळदकुंकू. एका वर्षी झेंडूचं फूलही अडकवलं होतं. त्या वर्षी फर्नेस तपासायला आलेला माणूस ते फूल बघून आधी क्षणभर थबकला आणि मग विचारता झाला, गॅसच्या वासासाठी आहे का?

या पेटीबरोबर भिंतीवर एक चकती आली, ह्युमिडिस्टॅट. तिच्यावर छोटासा तक्ता: बाहेर २० फॅरनहाइट असेल तर ३५ टक्क्यांवर ठेवा, १० असेल तर ३०, शून्य असेल तर २५, उणे १० ला २०, उणे २० ला १५. जितकी थंडी जास्त तितकं पाणी कमी. मला हे पटेना. थंडी जास्त म्हणजे हवा जास्त कोरडी, मग पाणी जास्त नको का? मी चकती कायम ४५ वर ठेवायची. हे ३० वर आणायचे, मी परत ४५ वर. संसारात काही भांडणं बोलून होत नाहीत, चकती फिरवून होतात.

२० जानेवारी १९८५, रविवार. ओ’हेअर विमानतळावर उणे २७ फॅरनहाइट, आपल्या मापात उणे ३३. शिकागोचा हा नीचांक अजून मोडलेला नाही. आमच्याकडे त्या दिवशी संक्रांतीचं हळदीकुंकू ठरलेलं होतं, ते फोन करकरून पुढच्या रविवारवर ढकललं. सकाळी पडदा ओढायला गेले तर पडदा हलेना. तो काचेला चिकटून गोठला होता. खिडक्यांच्या आतल्या बाजूला करंगळीएवढा बर्फ, तळाशी पाण्याची रांग, त्या रांगेखाली लाकूड फुगलेलं. माझ्या ४५ टक्क्यांनी दुसरीकडे जायला वाट न मिळून गार काच धरली होती. दुपारी ऊन आलं आणि सगळ्या घराच्या खिडक्या रडायला लागल्या. आम्ही दोघं आणि दोन मुलं हातात टॉवेल, बनियन, जुनी पातळं घेऊन खिडकीखिडकीशी. मार्चपर्यंत चौकटीला काळी बुरशी धरली आणि रंगाचे पोपडे सुटले.

हे काही बोलले नाहीत. मीच म्हणाले, “चिपळूण आणलं मी घरात.” त्या दिवसापासून तक्ता माझा.

पण हळदीकुंकवाचं राहिलंच. ज्यांनी इथे गालिच्याच्या घरात जानेवारीत हळदीकुंकू केलंय, त्यांना पुढचं सांगायला नको. सुवासिनी बसली, मी उठले, गालिचावरून चार पावलं चालत गेले, कुंकवाचं बोट तिच्या कपाळाजवळ नेलं आणि चट्‌! दोघी किंचाळलो. बोट आणि कपाळ यांच्या मधे निळी ठिणगी दिसली म्हणे, बाकीच्यांना. मग नियमच झाला: हळदकुंकू लावणारीने प्रत्येक कपाळाआधी स्वैपाकघरात जाऊन नळाला हात लावून यायचं. पंचवीस सुवासिनी म्हणजे पंचवीस फेऱ्या. घरातली आर्द्रता चाळीसच्या आसपास असली की ठिणगी जवळजवळ बंद होते, म्हणून त्या दिवशी पेटी जोरात, शिवाय खोलीतलं फिरत्या पट्ट्याचं मोठं ह्युमिडिफायरही चालू. ते बाहेरून लाकडासारखं दिसे. त्यावर लेसचा रुमाल टाकून वाणाची ताटं मांडली की कुणाला संशय येत नसे.

अडचण एवढीच की संक्रांतीला हलवाही असतो.

सासूबाई हलवा करण्यात पटाईत. पातळ पाक, मंद आच, परातीत तीळ, आणि चमच्याने थेंब थेंब पाक सोडत बोटांनी हलवत राहायचं. घाई केली तर गोळा होतो. काटा यायला थंडी लागते, कोरडी हवा लागते, आणि धीर लागतो. नागपुरात त्या पहाटे चारला उठून करत. शिकागोत आल्यावर त्यांनी पहिल्या दिवशीच परातीत बोट फिरवून बघितलं आणि खूश झाल्या. असा काटा! बाभळीचा! “या गावात एवढंच चांगलं आहे,” त्या म्हणाल्या, “हवा हलव्याची आहे.” पण त्यासाठी हवेला पाणी बंद. पेटी बंद, पट्ट्याचं यंत्र बंद, कुकर दुसऱ्या खोलीत, आंघोळीला गेलं तर न्हाणीघराचं दार घट्ट लावून. दोन दिवस घरात वाळवंट, नाकांचे घोळणे फुटतायत, आणि परातीत पांढरेशुभ्र काटे उभे राहतायत. नातीच्या हलव्याच्या दागिन्यांची बिंदली त्यांनी अशीच केली. सकाळी हलव्यासाठी बंद, संध्याकाळी सुवासिनींसाठी चालू. चकतीचा खटका त्या आठवड्यात झिजून गेला असेल.

एकदा वाट सापडल्यावर आम्ही त्या कोरड्या हवेला कामाला लावलं. उन्हाळ्यात गच्चीवर व्हायचं वाळवण आम्ही भर थंडीत तळघरात केलं. फर्नेसपाशी टेबलटेनिसचं टेबल, त्यावर जुनं धोतर, धोतरावर सांडगे, कुरडया, पोह्याचे पापड, भरल्या मिरच्या. राखणीला कावळा नाही, पाऊस नाही, शेजारची पोरं नाहीत. दोन दिवसांत कडकडीत. शामबर्गच्या वहिनी म्हणायच्या, देवाने इथे ऊन दिलं नाही पण फर्नेस दिली.

वाद्यांचे मात्र हाल व्हायचे. मिरजेहून आणलेला तंबोरा, पंढरपूरकडचा भोपळा, तुणीचं लाकूड. पहिल्या हिवाळ्यात खुंट्या सैल पडून तारा उतरल्या, दुसऱ्या हिवाळ्यात भोपळ्याच्या सांध्यापाशी केसाएवढी चीर. तबल्याचं उलटं. तिकडे पावसात उतरणारा तबला इथे जानेवारीत चढत जायचा, ठोकून ठोकून हातोडी थकायची. मग यांनी साबणाची प्लॅस्टिकची डबी घेतली, तापल्या सुईने तिला भोकं पाडली, आत ओला स्पंज पिळून ठेवला आणि ती डबी तंबोऱ्याच्या गवसणीत, भोपळ्याच्या खाली. दर रविवारी डबी काढून स्पंज पुन्हा ओला करायचा. पिळताना मोजून तीनदा पिळायचा, नाहीतर ठिबकतो. फेब्रुवारीत मंडळाच्या कार्यक्रमाला पुण्याहून गायिका आल्या होत्या. त्यांनी गवसणीत हात घातला आणि साबणाची डबी बाहेर काढून आमच्याकडे असं पाहिलं की आजही आठवलं तरी कान तापतात. पण तंबोरा सुरात होता.

पुढे आकडे दाखवणारं यंत्र आलं, हायग्रोमीटर. यांचा त्यावर विश्वास बसेना. एका पुस्तकात त्यांनी ते तपासायची रीत वाचली: बाटलीच्या बुचात मीठ, त्यावर पाण्याचे चार थेंब, फार नाही, मीठ ओलसर होईल इतकंच. ते बूच आणि यंत्र दोन्ही एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करायचं आणि रात्रभर ठेवायचं. ओल्या मिठावरची बंदिस्त हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. यंत्र तेवढं दाखवत नसेल तर यंत्र चूक. सकाळी आमच्या यंत्राने ७१ दाखवलं. हे त्या चार अंकांची दुरुस्ती करत बसले होते, आणि मी बुचातल्या त्या ओल्या मिठाकडे बघत उभी होते. म्हणजे हवा ७५ च्या वर गेली की मिठाला पाणी सुटतं. आपल्या जाड्या, समुद्राच्या मिठाला त्याआधीच. आई बरणी कलती करून बघायची ते हेच.

आईला पत्रात हे सगळं लिहिलं होतं. तिचं उत्तर आलं, त्यात याबद्दल एक ओळ नव्हती. कोकमतेल पाठवते, वसईच्या मावशी मार्चमध्ये येताहेत, असं होतं.

नंतरची यंत्रं आली ती मला फारशी आवडली नाहीत. अल्ट्रासॉनिक म्हणतात ती, थंड धुकं सोडणारी, शेजारी झोपलं तरी आवाज नाही. आमच्या गावाला तेव्हा विहिरींचं पाणी होतं, क्षारांनी भरलेलं. ते धुकं सुकलं की टीव्हीवर, फोटोंवर, देव्हाऱ्यावर पांढरी पिठी. १९९२मध्ये मिशिगन सरोवराचं पाणी आलं तेव्हा पिठी कमी झाली, गेली नाही. मग डिस्टिल्ड पाण्याचे गॅलन. आम्ही नळाचं पितो, हवा मात्र डिस्टिल्ड पिते. मी त्या पाण्यात निलगिरीचे दोन थेंब घालायची, सर्दीला बरं म्हणून. २०११मध्ये दक्षिण कोरियातून बातमी आली, की ह्युमिडिफायर स्वच्छ राहावा म्हणून पाण्यात टाकायच्या जंतुनाशकांनी लोकांची फुप्फुसं निकामी झाली, त्यांत लहान मुलं आणि बाळंतिणी होत्या. निलगिरी म्हणजे ते औषध नव्हे, हे मला कळतं. तरी बाटली त्या दिवशीच कपाटात गेली. आता पाण्यात पाणी, दुसरं काही नाही, आणि यंत्र रोज रिकामं करून धुतलेलं.

हे सगळं थंडीतलं. जून उजाडला की शिकागोला आषाढ लागतो, नुसता पावसाविना. तळघराच्या भिंती घामेजतात, पुस्तकांना तोच कुबट वास. तेव्हा दुसरं यंत्र लावायचं, हवेतलं पाणी काढणारं, डिह्युमिडिफायर. दिवसाला एक बादली निघते. हे ती बादली उचलून अंगणातल्या कढीलिंबाच्या कुंडीशी नेत. सहा महिने घालायचं, सहा महिने काढायचं. गुडघे गेले तेव्हा त्यांनी बादलीला नळी जोडून ती थेट मोरीत सोडली, आणि नंतर दोन दिवस हरवल्यासारखे फिरत होते.

मुलीच्या घरी आता सगळं भिंतीतल्या यंत्राला कळतं. बाहेर थंडी किती, आत पाणी किती, ते आपलं आपण ठरवतं. तिला चकती नाही, त्यामुळे जावयाशी त्यावरून भांडणही नाही. तरी डिसेंबरात तिचा फोन येतो तेव्हा विचारते, “आई, हवेला पाणी चालू केलं ना?” इंग्रजी बोलण्यात एवढं एक वाक्य मराठीत.

‘सादळणे’ हा शब्द मात्र आमच्या घरात कुणाला लागला नाही. थंडीत काही सादळत नाही, आणि उन्हाळ्यात मुलं बाहेर असत. परवा जुलैत नात राहायला आली होती. मी पोह्याचे पापड भाजून ताटात ठेवले आणि फोनवर बोलत बसले, डबा लावायचा राहिला. ती एक पापड दोन बोटांत धरून आली. तो मधेच वाकून खाली लोंबत होता.

“आजी, पापड दमलाय.”

“दमला नाही गं, सादळला.”

“सादळला,” तिने म्हणून बघितलं. मग तो मायक्रोवेव्हमध्ये बशीवर नीट पसरला आणि वीस सेकंदांचं बटण दाबलं.